चार मुली, एक ओळ

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. कुलूप म्हणजे तरी काय, दाराच्या कडीला आई एक चिंधी बांधायची. आत चोरण्यासारखं काही नव्हतंच. जामसरच्या बाजूला आमचा पाडा. भोवती सगळी भातशेती, पण त्यातला एक बांधही आमचा नव्हता. लोकांची लावणी केली, लोकांची कापणी केली, आणि ती संपली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. ट्रक पाड्यात यायचा, भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि आम्ही पोरं एकत्रच चढायचो. भट्टीवर बाबा चिखल मळायचे, आई साच्यात भरायची आणि मी ओल्या विटा उन्हाकडे उलटायचे. सहा वर्षांच्या हाताला ते काम बरोबर जमतं. हात लहान असला की कोपरे मोडत नाहीत, असं मुकादम म्हणायचा, आणि आईला ते माझं कौतुक वाटायचं.

पावसाआधी परत यायचो, तेव्हा शाळेतलं वर्ष संपलेलं असायचं. पहिलीत मी तीन वेळा बसले. तिसऱ्या वेळी गुरुजी म्हणाले, "आता तूच शिकव यांना." चौथ्या वर्षी शेजारच्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं. आईबाप भट्टीवर गेले तरी पोरांनी मागे राहून शाळा करायची, जेवण-झोपणं तिथंच. बाबांनी मला तिथं सोडलं आणि मागे वळून न बघता ट्रककडे गेले. मला त्यांचा राग आला होता. तो राग जायला बरीच वर्षं लागली.

पुढे जव्हारला कॉलेज केलं. कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या पाड्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, हे मी लाजत सांगत नाही. बाबा तर बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात, "माझी पोरगी ग्रॅज्वेट हाय." तो माणूस खिडकीबाहेर बघतो. बाबा पुन्हा सांगतात.

नोकरी मिळाली ती जव्हारमध्येच, एका छोट्या संस्थेत. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतली काही हंगामी वसतिगृहं ही संस्था चालवते. कुठल्या पाड्यातलं कुठलं मूल यंदा मागे राहणार, त्याची यादी करायची. यादीत नाव असेल तर वसतिगृहात खाट आणि ताट. नाव नसेल तर मूल ट्रकमध्ये. इतकं सरळ काम. ही यादी ठेवायला एक वेब ॲप होतं आणि ते सांभाळायला मी.

गावोगावची नावं गोळा करायला पाच ताया होत्या. पाचही तिथल्याच, घराघरात जाऊन बसणाऱ्या. पण ॲपमध्ये एकेक नाव भरायला नेट लागतं आणि आमच्याकडे नेट एखाद्या दगडावर असतं. एक ताई नेटसाठी जव्हारजवळच्या शिरपामाळच्या उंचावर जाऊन यादी भरायची, फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत. लोक तिला विचारायचे, "मॅडम, आमचा एक फोटो काढता का?" ती काढून द्यायची आणि पुन्हा दोन नावं भरायची. मोखाड्याच्या पलीकडची ताई सगळ्यांत मोठी, पन्नाशीची, तोंडानं तिखट. ती ऑफिसात आली की पिशवी माझ्या टेबलावर आपटायची.

"तुझं ते ॲप नदी उतरून येत नाय आमच्याकडं. पाण्याला भितं काय?"

"ताई, नेटच नाही तर मी काय करू?"

"मग कागद दे. नायतर कागदासारखं कायतरी दे. घरी बसून भरीन, बाजाराच्या दिवशी तुझ्यापुढं आणून टाकीन."

ती बोलली त्यात सगळं आलं. ॲपमधून यादी एक्सेलच्या शीटमध्ये बाहेर काढता यावी, तायांनी ती घरी संस्थेच्या लॅपटॉपवर भरावी आणि बाजाराच्या दिवशी जव्हारला येऊन तीच शीट ॲपमध्ये आत घालावी. मी ते करायला घेतलं. बाहेर काढायचं बटण दोन दिवसांत झालं. आत घ्यायच्या बटणानं मात्र घाम काढला. कारण आदल्या वर्षी एक गोंधळ झाला होता. एका मुलाचं नाव एका ताईनं आईच्या माहेरच्या पाड्यात लिहिलं, दुसरीनं बापाच्या पाड्यात. दोन वसतिगृहांत त्याच्या नावाची खाट, आणि तो एकटा. संस्थेचे प्रमुख, आमचे सर, त्यावरून फार चिडले होते. सर जव्हारच्या व्यापारी घरातले, माणूस सज्जन, पण एक वस्तू दोनदा लिहिलेली त्यांना बघवत नाही.

"एक मूल दोनदा येता कामा नये," त्यांनी मला बजावलं. "काहीही कर."

मी विचार केला. दोन ओळी एकाच मुलाच्या आहेत हे यंत्राला कसं ओळखू यावं? पाडा धरून चालणार नाही, गोंधळ तिथंच झाला होता. बापाचं नाव धरावं तर आमच्याकडे माणसाचं घरात एक नाव असतं आणि कागदावर दुसरं, ताई जे ऐकेल ते लिहिणार. मग उरलं काय? मुलाचं शाळेतलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख. तारीख काही कोणी दोन सांगत नाही. तिन्ही जुळलं की मूल तेच समजायचं, जुन्या ओळीवर नवी ओळ लिहायची. जुन्या शीटवर चालवून पाहिलं. तो दोन खाटांचा मुलगा एका खाटेवर आला. सर म्हणाले, "व्वा!" मी मनातल्या मनात दोनदा म्हणाले.

दिवाळीनंतरच्या बाजाराला पाचही ताया आल्या. मोखाड्याच्या ताईबरोबर तिच्या पाड्यातली एक बाई होती. सुक्या मासळीची पुडी हातात घेऊन दाराशीच उभी राहिली. मी आत बोलावलं तरी येईना. तिची मुलगी सातवीत होती आणि आजवर तिचं एकही वर्ष बुडालं नव्हतं. या वर्षी मात्र नवरा म्हणत होता, हाताशी आलीय, घेऊन जाऊ. वसतिगृहात नाव लागलं तरच तो ऐकणार होता.

"माझ्या पोरीचं नाव लिवलं का?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोर बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली, "यादी जमा झाली."

"लिहिलं मावशी. आता कॉम्प्युटरात गेलं, म्हणजे पक्कं."

"पक्कं ना?"

"एकदम पक्कं."

सरांनी पेढे मागवले. मावशीनं आपला पेढा पदरात बांधला, पोरीसाठी. त्याच दुपारी याद्या वसतिगृहांना गेल्या. किती ओळी आत टाकल्या आणि किती जमा झाल्या हे त्या खोलीत कोणीही मोजलं नाही. मी तर नाहीच. हिरवी पट्टी मीच लिहिली होती, तिच्यावर माझा विश्वास होता.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला. मोखाड्याची ताई, वाऱ्याचा आवाज, म्हणजे ती टेकडीवर चढून बोलत होती.

"ए कॉम्प्युटरवाली, माझ्या पोरी कुठं गेल्या?"

"कुठल्या पोरी, ताई?"

"सातवीच्या. चार होत्या. वसतिगृहाच्या यादीत एक हाय. तीन काय तू नाश्त्याला खाल्ल्या?"

मला वाटलं, वॉर्डन बाईंनी पान उलटलं नसेल. तसं म्हटलंही.

"पान एकच हाय! मी सोता वाचलं. दोघी इथं माझ्याजवळ उभ्या हायत, त्यांचा ट्रक दुपारी निघतो. आणि आंब्याखालची गेली."

"गेली म्हणजे?"

"काल सांजच्याला तिची आई तिला घेऊन वसतिगृहात आली होती. बाईनं यादी बघितली, नाव नाय बोलली. आई घेऊन गेली परत. पहाटेच्या ट्रकनं सगळी गेली भट्टीला. कोणाला एक शब्द बोलली नाय."

आंब्याखालची म्हणजे त्या मासळीच्या पुडीवाल्या मावशीची मुलगी. ताईच्या पाड्यात सातवीत चार मुली एकाच नावाच्या होत्या, म्हणून गाव त्यांना मोठी, बारकी, नदीकडची आणि आंब्याखालची म्हणायचं. नाव एकच का? त्या पाड्यात शाळा सुरू झाली तेव्हा गुरुजी एका दिवसात घरोघर फिरले, जी पोरं दिसली ती पहिलीत घातली. घरातली नावं त्यांना शाळेजोगी वाटली नाहीत. त्या वर्षी टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या सुनेचं नाव फार चालत होतं, ते त्यांनी चार जणींना देऊन टाकलं. आडनाव तर अख्ख्या पाड्याचं एकच.

मी ताईची मूळ शीट उघडली. साठ ओळी होत्या. ॲपमध्ये त्याच पाड्याच्या नावानं पाहिलं. एकेचाळीस. मी पुन्हा मोजलं. एकेचाळीसच. मग बोट पडद्यावर ठेवून जन्मतारखेच्या रकान्यातून खाली येऊ लागले. एक जून. एक जून. एक जून. खालपर्यंत एक जून. बहुतेकांचं वर्षसुद्धा तेच.

शाळा जूनमध्ये उघडते. पोराचा जन्म कधीचा हे आई सांगते ते असं, की नाचणी खुडत होते तेव्हा, किंवा म्हातारा गेला त्या साली. गुरुजी ते वहीत कसं लिहिणार? ते लिहितात, एक जून. त्या चार मुली माझ्या बटणाला एकच मुलगी वाटल्या. पहिलीवर दुसरी लिहिली, दुसरीवर तिसरी, तिसरीवर चौथी. शेवटची ओळ नदीकडचीची होती, म्हणून ती तेवढी राहिली. आणि नावं आमच्याकडे किती असतात? ठरावीक दहा-बारा, फिरून फिरून तीच.

सर मागे येऊन उभे राहिले होते.

"सगळ्यांची एकच तारीख? अगं, हे कसं शक्य आहे? माझ्या जन्माची तर वेळ लिहून ठेवलीय घरी, मिनिटासकट."

"सर," मी म्हटलं, "माझी पण एक जूनच आहे."

मी पर्समधून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. का ठेवलं कोण जाणे, त्यांनी मागितलं नव्हतं. वसतिगृहात एक जूनला निम्म्या वर्गाचा वाढदिवस असायचा हे मला माहीत होतं. कॉलेजच्या फॉर्मवर ही तारीख मी स्वतःच्या हातानं किती वेळा लिहिली असेल. पुण्याहून आलेल्या एखाद्या मुलानं हे बटण लिहिलं असतं तर मी त्याला हसले असते, म्हटलं असतं, तुला आमच्याकडचं काय कळणार. आणि मी, तिथलीच, तारीख काही कोणी दोन सांगत नाही म्हणून खूश झाले होते. कॉम्प्युटरसमोर बसताना मी कुठलं डोकं लावून बसले होते, हे मला अजून कळलेलं नाही.

"रडायचं नंतर," सर म्हणाले. मी रडत होते हे मला तेव्हा समजलं. "आधी सांग, मुलं परत कशी आणायची?"

पाचही शीट माझ्याकडे होत्या, हे नशीब. सरांनी त्या छापल्या, ओळीखाली धरायला फूटपट्टी घेतली आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले. मी ॲपमधल्या नावावर खूण करत होते. जे राहिलं ते वेगळ्या कागदावर. तासाभरात हरवलेल्या सगळ्या मुलांची यादी हातात आली आणि सरांनी ती एकेका वसतिगृहाला फोनवरून सांगितली. तिकडे मोखाड्याच्या ताईचा फोन चालूच होता. ट्रक टेकडीवरच्या रस्त्यालाच निघायच्या तयारीत उभा होता आणि ती मुकादमाला गाठून उभी होती. मला दोघांचंही ऐकू येत होतं.

"बाई, बाजूला हो. मला उजेडात पोचायचंय."

"पोच की. दोन पोरी उतरव आणि पोच."

"यादीत नाव नाय बोलले ना?"

"यादी चुकली. यादी करणारी आमचीच पोरगी हाय, ती आता बसून नीट करते. तोवर तू चहा पी. मी पाजते."

मोठी आणि बारकी त्या दुपारी वसतिगृहात राहिल्या. बाकीच्या पाड्यांतलीही मुलं एकेक करून सापडली, ट्रक अजून निघायचे होते म्हणून. राहिली फक्त आंब्याखालची.

मंगळवारी ताई आणि मी पहिल्या एसटीनं निघालो. वाडामार्गे भिवंडी, पुढे शेअर रिक्षा, पुढे चालत. मी पिशवीत एक कागद घेतला होता. नवी यादी छापून त्यावर वॉर्डन बाईंची सही आणि शिक्का घेतला होता, कारण माझ्या तोंडी शब्दाला आता काही किंमत नव्हती. रस्त्यात ताई एकदाही टोचून बोलली नाही. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

भट्टी अगदी तशीच होती. तोच लाल धुरळा, त्याच पाल्याच्या झोपड्या. आंब्याखालची ओळीनं मांडलेल्या विटा उलटत होती. एकाच दिवसात तिचे हात कोपरापर्यंत चिखलाच्या रंगाचे झाले होते. तिचा बाप मला बघून उठून उभा राहिला, डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाला, "मॅडम, काय चुकलं का आमचं?"

माझे बाबा साहेबांसमोर असेच उभे राहायचे. माझ्यासमोर कोणी असं उभं राहील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"काका, बसा," मी म्हटलं. "चूक माझी झालीय. तुमच्या पोरीचं नाव ताईनं दिलं होतं. माझ्या हातून ते पुसलं गेलं."

"तुमच्या हातून कसं पुसंल? मला वाटलं, आमच्यातच कायतरी खोट असंल. दाखला नसंल. कागदात नाय तर नाय, म्हणून घेऊन आलो."

त्यानं ते अगदी सहज म्हटलं. त्यानं कोणाला विचारलं नव्हतं. त्याला राग आला नव्हता. कागदात नाही म्हटल्यावर त्यानं पोरीची गोधडी ट्रकमध्ये टाकली होती, बस. मावशी चुलीपाशी बसूनच माझ्याकडे बघत होती.

"तू पक्कं बोलली होतीस," ती म्हणाली.

"बोलले होते, मावशी."

"आता कशावरून?"

मी कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पोरीला हाक मारली. पोरगी आली, हात फ्रॉकला पुसले आणि कागद कडेनं धरून वाचायला लागली. स्वतःचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, पुढे छापलेला खाटेचा आकडा वाचला. मग वरच्या-खालच्या ओळींवर बोट फिरवलं.

"मोठी हाय, बारकी हाय, नदीकडची पण हाय," ती आईला म्हणाली. "चारी हायत."

मावशीनं बापाकडे पाहिलं. तेवढ्यात मुकादम येऊन उभा राहिला. "ही गेली तर या विटा कोण उलटणार?"

"तू उलट," ताई म्हणाली. "पोट तरी उतरंल."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मुकादमही कसनुसं हसला आणि मग बापही. "जा," तो पोरीला म्हणाला. "सातवी पुरी कर. आठवीचं मग बघू." पोरगी हात धुवायला पळाली ती इतक्या जोरात, की मांडलेल्या दोन विटा तिच्या पायाखाली गेल्या.

परत आल्यावर मी ते बटण मोडून नव्यानं लिहिलं. आता प्रत्येक मुलाला पहिल्या नोंदीलाच एक क्रमांक मिळतो आणि तो शीटबरोबर बाहेर जातो, शीटबरोबरच आत येतो. ज्या ओळीला क्रमांक नाही ती नवीन मुलाची धरायची. दोन मुलं सारखी दिसली तर ॲपनं स्वतः काही ठरवायचं नाही, ताईला विचारायचं, "ही एकच आहे का दोघी?" आणि हिरवी पट्टी काढून टाकली. तिच्या जागी आता आकडे येतात. शीटमध्ये ओळी इतक्या, त्यांतल्या नव्या इतक्या, बदललेल्या इतक्या, आत न घेतलेल्या इतक्या आणि त्या कुणाच्या. ताईनं मान्य म्हटल्याशिवाय काहीच जमा होत नाही. पुढच्या बाजाराला मोखाड्याच्या ताईनं आपली शीट स्वतः आत घातली. आकडे बोटांवर मोजून पाहिले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हां. आता तुझं यंत्र माणसासारखं विचारतं."

त्या हंगामात आमच्या याद्यांतलं एकही मूल भट्टीवर राहिलं नाही. आंब्याखालची सातवी पास झाली.